खबरवाली नस

आमच्या डॉक्टरांसमोर ‘नस’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आणि भिवंडीत तर अर्ध्या गावाचं दुखणं नसेपासूनच सुरू व्हायचं. शिफ्टभर लूमसमोर उभा राहिलेला कामगार कंबर धरून आत यायचा आणि म्हणायचा, “डाक्टरसाब, नस खिंच गयी.” डॉक्टर हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळायचे.

“कौनसी नस? खूनवाली या खबरवाली?”

तो बिचारा कंबर दाखवायचा. मग बाहेरची रांग तशीच ताटकळत ठेवून डॉक्टर त्याला समजावून सांगायचे. रक्ताच्या नळ्या वेगळ्या, निरोप नेणारे तंतू वेगळे. कुणी मान डोलावून “हां, तार के माफिक” म्हणालं, की ते जास्तच चिडायचे. तार नव्हे. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते. शरीरातला निरोप अनेक पेशींमधून पुढे जातो आणि त्या पेशी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. दोघींच्या मध्ये फट असते. निरोप त्या काठापर्यंत विजेसारखा येतो आणि तिथे थांबतो. मग काठावरून रसाचा एक थेंब सुटतो, फट ओलांडून पलीकडच्या दाराला लागतो, आणि तिथून निरोप नव्याने सुरू होतो. “निघाला म्हणजे पोचला असं नसतं,” ते म्हणायचे. ऐकणारा कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन निघून जायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नर्सिंगचं शिक्षण संपवून मी भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात लागले होते. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. दिवसभर त्या खडखडाटाने औषधांच्या बाटल्या फळीवर सरकत सरकत कडेला यायच्या, आणि दर थोड्या वेळाने त्या मागे ढकलणं हेही आमच्या ड्युटीतच धरलेलं होतं. डॉक्टर माझ्या आधीपासून तिथे होते. त्याआधी ते मुंबईत मेडिकल कॉलेजात शिकवायचे, असं म्हणत. तिथून ते का निघाले, याच्या दोन गोष्टी ऐकू यायच्या. एक अशी, की तोंडी परीक्षेत ते प्रत्येकाला फटीबद्दलच विचारायचे आणि नापास करायचे. दुसरी अशी, की वरिष्ठांशी भांडण झालं. मला दोन्ही खऱ्या वाटायच्या.

त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे अंगावर काटा घेऊन वावरणं. ओरडायचे नाहीत. इंजेक्शन देताना मागे येऊन उभे राहायचे, एवढंच. त्यांचा श्वास मानेला लागायचा आणि माझा हात जड व्हायचा. खिशात रबरी डोक्याचा छोटा हातोडा असायचा, त्याने ते कुणाच्याही गुडघ्यावर ठोकून बघायचे. एकदा ट्रस्टींच्या गुडघ्यावर ठोकला. ट्रस्टींचा पाय उडाला, चहाचा कप सांडला, आणि डॉक्टर समाधानाने म्हणाले, “उत्तम.” ऑपरेशनच्या खोलीमागे काचेच्या बरणीत त्यांनी बेडूक पाळले होते, त्यावरून कामगारवस्तीत त्यांचं नाव ‘मेंढकवाले डाक्टर’ पडलं होतं. एका शुक्रवारी लूम बंद होते, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दोन बेडकांची हृदयं वेगवेगळ्या बशांत धडधडताना दाखवली. पहिल्याची नस चेतवली तसं ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या बशीत घातलं, आणि दुसरं हृदय कुणी हात न लावता मंदावत गेलं. डॉक्टर आमच्या तोंडांकडे बघत होते. झाडू मारणारी सखूबाई उठली आणि आंघोळ करून येते म्हणाली.

साधं बोलणं त्यांना जमत नसे. माझी आई गेली तेव्हा ते आमच्या घरी आले. भिंतीकडे बघत त्यांनी रडू आवरताना घशात गोळा का येतो, कोणते स्नायू आवळतात, त्यांना हुकूम कुठून येतो, हे मला समजावून सांगितलं. मामा भयंकर रागावले. मला मात्र त्या दिवशी कुणीतरी माझ्याशी बोललं असं फक्त तेव्हाच वाटलं होतं.

हे असं असल्यामुळे ते मोठे डॉक्टर आहेत का नुसतेच विक्षिप्त आहेत, हे मला नक्की ठरवता येत नव्हतं. हिरूबाईला आणलं त्या दिवसापर्यंत.

भातकापणीचे दिवस होते. सकाळची ओपीडी चालू होती. दाराशी कापडाच्या ताग्यांचा ट्रक येऊन थांबला आणि त्यातून एक तरुण शेतकरी बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उतरला. काथोड त्याचं नाव. मानकोलीच्या पलीकडचं गाव. भारा बांधताना पेंढीखाली नाग होता, तो तिच्या मनगटाशी चावला होता. आधी भगताकडे नेलं, त्यात बराच वेळ गेला. मग रस्त्यावर येऊन ट्रकला हात केला.

ती अजून शुद्धीत होती. पापण्या मात्र खाली आल्या होत्या आणि त्या उचलता येत नव्हत्या, म्हणून ती डोकं मागे टाकून आमच्याकडे बघायचा प्रयत्न करत होती. तोंडातून लाळ गळत होती. आवाज नाकातून येत होता. ती मला काहीतरी सांगत होती आणि मला कळत नव्हतं. तिने स्वतःच्या छातीकडे हात नेला. चोळी भिजली होती. घरी तान्हं मूल होतं आणि त्याच्या दुधाची वेळ झाली होती.

डॉक्टर तिच्यावर वाकले. नाव विचारलं.

“हिरूबाई,” ते म्हणाले, “थोड्या वेळाने हात, पाय, डोळे, जीभ, कुणीच तुमचं ऐकणार नाही. श्वाससुद्धा थांबेल. तो आम्ही देऊ. तुम्ही आतमध्ये जाग्या असाल आणि तुम्हाला सगळं ऐकू येईल. भीती वाटेल. पण तुम्ही मेलेल्या नसाल. हे लक्षात ठेवा.”

मरायला टेकलेल्या बाईला कुणी असं सांगतं का, म्हणून मला त्यांचा संताप आला होता. पण संतापाला वेळ नव्हता. कपाटात होती तेवढी सापाच्या विषावरची लस आम्ही तिच्या शिरेत सोडली, आणि ट्रकवाल्यालाच कशेळीच्या रस्त्याने ठाण्याला आणखी आणायला पिटाळलं. तिलाच का नेत नाही, असं काथोडने विचारलं. वाटेत एखाद्या धक्क्याने श्वासाची नळी निघाली तर ती तिथेच संपेल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर तिची छाती हलायची थांबलीच होती. त्यांनी घशात नळी घातली आणि रबरी फुगा माझ्या हातात दिला. फुगा दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

मी दमले तेव्हा काथोडने फुगा घेतला. तो घाईघाईने दाबायला लागला, कारण त्याचा स्वतःचाच श्वास लागला होता. शेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला मुश्ताक नावाचा लूम कामगार होता. तो स्टूल ओढून आला आणि म्हणाला, लाओ, मुझे दो. डॉक्टरांनी त्याला बजावलं, “लूम की चाल से नहीं. अपनी साँस की चाल से.”

आणि मग डॉक्टर तिच्या कानाशी बोलायला लागले. दुसरं काय बोलावं हे त्यांना येत नव्हतं, म्हणून ते तेच बोलले जे ते सगळ्यांशी बोलत. हिरूबाई, तुमच्या डोक्यातून हुकूम सुटतोय. ‘बोट हलव’ असा. तो तंतूवरून हातापर्यंत येतोय. तिथे शेवटची फट आहे, पलीकडे स्नायू. काठावरून रस सुटतोय, रोजच्यासारखाच. पण पलीकडच्या दारांच्या कुलपात सापाच्या विषाने आपलीच किल्ली खुपसून ठेवली आहे. रसाला आत शिरता येत नाही. तुमचं काही मोडलेलं नाही. फक्त दार अडलंय. त्या फटीत एक सफाईवाला असतो. उरलेला रस तो लगेच साफ करतो. आम्ही आता इंजेक्शन देऊन त्या सफाईवाल्याला बसवून ठेवणार आहोत, म्हणजे रस साचत जाईल आणि एखादं तरी दार उघडेल.

इंजेक्शन दिलं. आम्ही दोघं तिच्या पापण्यांकडे बघत राहिलो. उजवी पापणी दोऱ्याएवढी उचलली गेली. मी काथोडला हाक मारली, तो येईपर्यंत ती पुन्हा मिटली होती. ते फक्त डॉक्टरांनी आणि मी पाहिलं. आणि आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

खबर लागून दुपारपर्यंत तिचं गाव आलं होतं. तिचा सासरा जोमा पुढे होता. उंच, वाळलेला, गावात शब्दाला मान असलेला म्हातारा. मागे व्हरांडाभर माणसं. जोमाने सुनेकडे नीट पाहिलं. डोळे मिटलेले, जबडा सुटलेला, हात खाटेवरून लोंबलेला. मेलेलं माणूस त्याने आयुष्यात पुष्कळ वेळा पाहिलं असेल, आणि त्याच्या समोर जे होतं त्यात काही फरक नव्हता.

“डाक्टर,” तो शांतपणे म्हणाला, “ती गेली हाय. दिस मावळायच्या आत आमाला तिला न्यायची हाय.”

डॉक्टर म्हणाले, ती जिवंत आहे, आणि तुम्ही बोलताय ते तिला ऐकू येतंय. तेव्हा जपून बोला. त्यांनी जोमाचा हात धरून त्याची बोटं तिच्या मनगटावर टेकवली. नाडी लागते का?

“लागते. तुमी वारा भरताव म्हून लागते. फुगा सोडा, मंग बगू.”

व्हरांड्यातून आवाज चढायला लागले. मेलेल्या बाईच्या अंगाशी खेळ चाललाय, परका माणूस तिच्या उशाला बसलाय, ते बेडकांवर करतात तसंच हिच्यावर करताहेत. कुणीतरी खिडकीच्या गजावर काठी आपटली. फुगा दाबणाऱ्या मुश्ताकने माझ्याकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही. ट्रस्टी मागच्या दाराने आत आले आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, देऊन टाका, दवाखाना जाळतील. डॉक्टरांनी ऐकलं, मान हलवली आणि परत येऊन खाटेशी उभे राहिले. काथोड भिंतीला टेकून बापाकडे आणि डॉक्टरांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने बापाच्या बाजूने एक शब्द उच्चारला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं.

डॉक्टरांनी हिरूबाईला पायाचा अंगठा हलवायला सांगितलं. सगळे बघत होते. अंगठा हलला नाही. पुन्हा सांगितलं. नाही हलला.

मग ते जोमाकडे वळले.

“बोट काढू नका नाडीवरून. ऐका माझं. हाताकडे जाणारा निरोप अडलाय, पण हृदयाकडे जाणारा नाही. तिथल्या फटीत दुसराच रस असतो, त्या दाराला हे विष लागत नाही. फुगा एका चालीने चाललाय, तो तसाच चालेल. तुम्ही तिच्या कानात असं काहीतरी सांगा, की ते ऐकून ती स्वस्थ पडून राहणार नाही, आणि मग नाडी काय करते ते बघा. मला तुमच्या घरातलं माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

जोमाने एकदा मुलाकडे पाहिलं. व्हरांड्यातले लोक काय चाललंय ते बघायला खिडकीशी गोळा झाले. शेजारचे लूम खडखडत होते. मग म्हातारा गुडघे मोडून खाली बसला. एक हात तिच्या मनगटावर तसाच ठेवून त्याने तोंड तिच्या कानाशी नेलं.

“हिरू,” तो म्हणाला, “आमी काथोडाचा दुसरा लगीन लावताव. पोर बगून ठेवलीय. तुझा पोरगा तीच वाढवल.”

काथोड भिंतीपासून सुटला. डॉक्टरांनी हाताने त्याला थांबवलं.

मी जोमाच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग त्याच्या भुवया जवळ आल्या. त्याने बोटं जास्त दाबली आणि मान तिरकी केली, लांबून कुणी हाक मारतंय का हे माणूस ऐकतो तशी. फुगा त्याच संथ चालीने चालला होता.

“धावली,” तो म्हणाला. “डाक्टर, धावली हो ही.”

तो उठला. व्हरांड्याकडे वळला. दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना हात लावून उभा राहिला आणि गावाला म्हणाला, की कुणी आत यायचं नाय, आन् कुणी रडायचं पन नाय. ती आयकते हाय.

त्यानंतरचे तास मला सलग आठवत नाहीत. फुगा हातोहात फिरत होता. काथोड आता बरोबर दाबायला शिकला होता. ठाण्याहून लस आली, ती दिली. सफाईवाल्याला बसवणारं इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिलं. प्रत्येक वेळी पापणी थोडी जास्त उचलायची, थोडी जास्त टिकायची आणि परत मिटायची. मध्येच एकदा नाडी इतकी बारीक झाली की मला ती सापडेना, आणि मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते बोलायचे थांबले नव्हते. बोलता बोलताच त्यांनी डोळ्यांनी मला बाटलीतलं सलाईन वाढवायला सांगितलं. जोमाला कुणी बोला म्हटलं नव्हतं, तरी तो दारातूनच अधूनमधून सांगायचा, “हिरू, झूट बोललो गं मी. झूट व्हता ते.”

दिवेलागणीच्या सुमाराला अंगठा हलला. पायाचा, डावा. मग हाताची बोटं. मुश्ताक म्हणाला, डाक्टरसाब, फुगा उलटा ढकलतोय, ही स्वतःच ओढतेय. काथोड खाली बसला आणि त्याने कपाळ खाटेच्या पायाला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. तिचा घसा सोलवटला होता, आवाज नुसता फुसफुस येत होता. तान्ह्याला आणून तिच्या कुशीत ठेवलं होतं. तिने हाताने सासऱ्याला जवळ बोलावलं. जोमा वाकला. आम्ही सगळे कान लावून होतो.

“कुनाची पोर बगितलेली?” तिने विचारलं.

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. तो हसतोय की रडतोय हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. काथोड मात्र हसला, मोठ्याने, आणि मग वॉर्डातला प्रत्येक जण हसला. डॉक्टर तिथे नव्हते. मी चहा घेऊन मागच्या पडवीत गेले, तर ते पायरीवर बसले होते. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीच दचकले. त्यांनी ग्लास बाजूला ठेवला, खिशातला हातोडा काढला आणि स्वतःच्याच गुडघ्यावर ठोकून बघितला. मी बाटल्या मागे सरकवायला निघून आले.

पुढे काही आठवड्यांनी हिरूबाई एकटीच मूल कडेवर घेऊन आली. गाठोड्यात नवे तांदूळ होते, ते तिने माझ्याकडे दिले. डॉक्टर पेशंट तपासत होते. ती सरळ आत जाऊन उभी राहिली.

तिने सगळं ऐकलं होतं. फट, रस, दारातली किल्ली, सफाईवाला. एकही गोष्ट न चुकता तिने आपल्या बोलीत सांगितली, आणि डॉक्टर हातातला स्टेथॉस्कोप तसाच धरून ऐकत राहिले. इतकी वर्षं ते हे लोकांना सांगत आले होते. कुणी ते त्यांना परत सांगण्याची ती पहिलीच वेळ असावी.

“ता मना समाजला,” ती म्हणाली. “पन येक इचारायचा हाय. हात न्हाय, पाय न्हाय, डोला न्हाय, सास पन दुसऱ्याचा. मंग आत आयकत कोन व्हता?”

डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप टेबलावर ठेवला. मला वाटलं आता मेंदूतल्या पेशींचं सुरू होईल.

“ते अजून कुणालाच माहीत नाही, हिरूबाई.”

“तुमाला पन न्हाय?”

“मलापण नाही.”

तिने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तिची एसटीची वेळ झाली होती.

“मंग शोधा की,” ती म्हणाली आणि निघाली.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी दवाखाना सोडला आणि ते मुंबईला कॉलेजात परत गेले, शिकवायला आणि संशोधनाला. ट्रस्टींनी पुष्कळ थांबवून पाहिलं. जायच्या दिवशी मी त्यांना विचारलं, की इथलं एवढं चाललेलं सोडून तुम्ही परत तिथेच का जाता.

“काम सांगितलंय ना त्या बाईंनी,” ते म्हणाले.

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. गंमत त्यांना करता येत नसे.